शेजार बघून घर घ्यायचं, तर खर्च किती?

घर बघायला जाणारे लोक कार्पेट एरिया विचारतात, पार्किंग विचारतात, पाणी किती तास येतं ते विचारतात. शेजारी एकमेकांकडे जातात-येतात का, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी एजंट सांगतो, "एकदम फॅमिली सोसायटी आहे साहेब." विषय तिथेच संपतो. मग राहायला गेल्यावर कळतं, की समोरच्या दाराला बाहेरून पाटी आहे आणि आतून कडी, आणि दूध नासलं तर वाटीभर मागायला जावं असं एकही घर त्या मजल्यावर नाही.

मोकळेपणानं बोलणारा, सणाला एकत्र येणारा, आजारपणात धावून येणारा शेजार हवा असणं हा हळवेपणा नाही. घरात लहान मूल असेल, म्हातारे आईवडील असतील किंवा माणूस एकटा राहत असेल, तर तो रोजच्या गरजेचा भाग आहे. तो मिळेल की नाही, हे घर घेण्याआधी बऱ्यापैकी ओळखता येतं. ओळखण्याचा खर्च थोडा असतो आणि चुकण्याचा खर्च फार मोठा. म्हणून आधी चुकण्याचा हिशेब मांडू.

समजा पुण्यात ८० लाखांचा जुना फ्लॅट घेतला. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते, ८० हजार वाचतात. मुंबईत हेच दर ६ आणि ५ टक्के आहेत. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटला १ टक्का धरला तर ८० हजार, काही ठिकाणी दोन टक्केही मागतात. बेरीज झाली ६ लाख ७० हजार. कर्ज काढलं तर बँकेचे खर्च वेगळे. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. तो मात्र विकणाऱ्याच्या रकमेतून जातो, आपल्या खिशातून जादा नाही. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर घेतलं तर वर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का). जुन्या घराच्या खरेदीवर आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घरावर जीएसटी नाही.

दोन वर्षांनी "इथे जीव रमत नाही" म्हणून ते घर विकायला काढलं, तर मुद्रांक शुल्क परत मिळत नाही, नोंदणी शुल्क परत मिळत नाही. विकताना एजंट पुन्हा, नव्या घरासाठी मुद्रांक पुन्हा, सामानाचा टेम्पो पुन्हा. शेजार न बघता घेतलेल्या घराची किंमत अशी सहज सात-आठ लाखांत जाते. म्हणूनच बहुतेक लोक घर बदलत नाहीत. दार लावून घेतात आणि वीस वर्षं तसेच राहतात.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. ज्या सोसायटीत घर घ्यायचं मनात आहे, त्याच सोसायटीत किंवा निदान त्याच गल्लीत आधी अकरा महिने भाड्यानं राहायचं. भाडं २५ हजार आणि डिपॉझिट ७५ हजार धरू. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारी रक्कमही त्या भाड्यात मिळवतात. या उदाहरणात ते साधारण ७०० रुपये होतं. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. घरी येऊन अंगठे घेणारा माणूस आपली फी वेगळी लावतो, पण सगळं मिळून तीन-साडेतीन हजारांच्या आत बसतं. एजंटला एका महिन्याचं भाडं, म्हणजे २५ हजार. सामान हलवायला शहरातल्या शहरात दहा-पंधरा हजार. एकूण ४५ हजारांच्या आसपास. आपण आज भाड्यानंच राहत असू, तर भाडं तसंही भरतोच आहोत. स्वतःच्या घरात राहत असू, तर ते घर तेवढ्या काळापुरतं भाड्यानं देता येतं.

पंचेचाळीस हजारांत एक गणपती, एक दिवाळी, एक संक्रांत आणि एक पावसाळा त्या इमारतीत काढता येतो. माझ्या मते शेजार जोखण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग नाही.

कराराबाबत एवढंच, की तो नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे ती सक्ती आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी घरमालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भाडेकरूकडून "आत येण्याचे" म्हणून पाच-दहा हजार मागणारी सोसायटी भेटली, तर ती रक्कम कोणत्या उपविधीखाली आहे ते लेखी मागा. असल्या प्रश्नाला सेक्रेटरी कसं उत्तर देतात, त्यावरूनही सोसायटीचा स्वभाव समजतो.

भाड्यानं राहून बघणं प्रत्येकाला जमणार नाही. मुलांची शाळा असते, नोकरी असते, हातात आलेला व्यवहार निसटेल अशी भीती असते. त्यांच्यासाठी पुढच्या गोष्टी. यातल्या बहुतेक फुकट आहेत.

पहिली म्हणजे सूचनाफलक. तळमजल्यावर, लिफ्टजवळ, पत्रपेट्यांच्या वर काचेच्या पेटीत तो असतो. घर दाखवणारा माणूस तिथे थांबू देत नाही, पण थांबावं आणि शांतपणे वाचावं. एका फलकावर गेल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च लावलेला असतो: वर्गणी किती जमली, मूर्तीला किती, मांडवाला किती, मुलांच्या बक्षिसांना किती, महाप्रसादाच्या पुरीभाजीला किती, शिल्लक किती, आणि खाली दोघांच्या सह्या. शेजारी हळदीकुंकवाची सूचना, कोणाच्या तरी नातीचा दहावीचा निकाल, रक्तदानाचं आवाहन. दुसऱ्या फलकावर नुसते मनाई हुकूम असतात: पोडियमवर खेळू नये, जिन्यात बसू नये, पायरीवर गप्पा मारू नयेत, पाहुण्यांच्या गाड्या आत आणू नयेत, आणि थकबाकीदारांची नावं लाल शाईत. पहिल्या इमारतीत लोक एकमेकांना हिशेब देतात. दुसऱ्या इमारतीत फक्त समज देतात. मला घर घ्यायचं असेल तर पहिल्या इमारतीतल्या घराला मी दोन लाख जास्त देईन.

गणपतीचा विषय निघालाच आहे, तर एक प्रश्न जरूर विचारा. बऱ्याच सोसायट्यांना हॉल नसतो; गणपती बसतो खालच्या पार्किंगमध्ये. त्यासाठी पाच-सहा गाड्या दहा दिवस बाहेर रस्त्यावर लावाव्या लागतात. त्या कोणाच्या गाड्या निघतात, आणि त्यावरून भांडण होतं का? "दरवर्षी आम्ही पाळी लावतो", "तळमजल्यावरचे काका आपणहून काढतात" असं उत्तर आलं तर समजावं, की इथे माणसांना एकमेकांसाठी थोडी गैरसोय सोसायची सवय आहे. "आम्ही गणपती बंद केला, कटकट नको" हे उत्तरही पुष्कळ सांगून जातं.

संध्याकाळी आठ वाजता बाहेर उभं राहून दिवे मोजावेत. चाळीस घरांपैकी पंधरा घरं अंधारात असतील, तर ती गुंतवणुकीसाठी घेतलेली किंवा परदेशी गेलेल्या मुलांची बंद घरं आहेत. बंद घर मेंटेनन्स भरतं, शेजार देत नाही. रविवारी सकाळी पुन्हा जावं. मुलं खाली खेळताना दिसतात का, आणि खेळताना चेंडू कोणाच्या गॅलरीत गेला तर काय होतं, तेही बघावं. वॉचमन किती वर्षं आहे हे विचारावं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारावं. त्याला प्रत्येक घरातली माणसं माहीत असतात, आणि कोणत्या इमारतीतले लोक दोन शब्द बोलतात, कोणत्या इमारतीत दाराच्या फटीतून कपडे घेतात, हे तो सहज सांगतो.

इमारतीची रचनाही बोलते. माझं निरीक्षण असं, की वीस ते साठ घरांच्या सोसायटीत शेजार चांगला जमतो. त्याहून लहान असेल तर एका भांडणानं सगळं बिघडतं, आणि चारशे घरांच्या टॉवरमध्ये लिफ्टमध्ये भेटणारा माणूस कोणत्या मजल्यावरचा हे वर्षभर कळत नाही. तळघरात गाडी लावून थेट लिफ्टनं घरात, अशी सोय असलेल्या इमारतीत माणसांची गाठच पडत नाही. याउलट फाटकातून आत येताना सगळ्यांना एकाच बाकड्यावरून जावं लागतं, अशा ठिकाणी बोलणं आपोआप होतं. ते सिमेंटचं बाकडं, त्यावर झाडाची सावली आणि संध्याकाळी तिथे बसलेली चार माणसं या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर व्यायामशाळा नसली तरी चालेल.

नव्या प्रकल्पांच्या जाहिरातीत क्लबहाऊस, जलतरण तलाव, मिनी थिएटर, योगा डेक यांची मोठी यादी असते. त्यातून शेजार तयार होतो असं सुचवलेलं असतं. या सोयींचा खर्च नक्की होतो, शेजार होईलच असं नाही. लिफ्ट नसलेल्या किंवा एकच लिफ्ट असलेल्या जुन्या सोसायटीत मेंटेनन्स महिन्याला साधारण एक ते अडीच हजार असतो. मोठ्या संकुलात तो चौरस फुटामागे आकारतात. पुण्यात तीन ते सहा रुपये सर्रास ऐकू येतात, मुंबईच्या टॉवरमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. हजार चौरस फुटांना पाच रुपये म्हणजे महिन्याला ५ हजार, वर्षाला ६० हजार. दरमहा आकारणी सभासदामागे साडेसात हजारांच्या वर गेली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असली, तर १८ टक्के जीएसटीही लागतो. त्यातल्या तलावाच्या देखभालीला किती जातात आणि पोहायला किती जण उतरतात, हे विचारून बघा. पैसे परवडत असतील तर तलाव जरूर असावा, पण तो शेजाराच्या खात्यात धरू नये.

शेजाराला खरा किती खर्च येतो, ते कोजागरीच्या उदाहरणानं सांगतो. चाळीस घरं, गच्चीवर शंभर माणसं. माणशी एक मोठा पेला धरला तर वीस लिटर दूध लागतं. लिटरला ७५ रुपये धरले तर १,५०० रुपये. साखर तीन किलो, दीडशे रुपयांच्या आत. केशर, वेलदोडे, बदाम-पिस्ते, चारोळी मिळून बाराशे-पंधराशे. मोठं पातेलं आणि शेगडी भाड्यानं आणली तर चारशे-पाचशे. साडेतीन-चार हजारांत कार्यक्रम होतो, म्हणजे घरामागे शंभर रुपये. सोबत भेळ करायची ठरली आणि प्रत्येक घरानं एकेक जिन्नस आणला, कोणी चिरलेला कांदा, कोणी चिंचेची चटणी, तर तेवढ्यातच होते. दूध आटेपर्यंत दोन तास लागतात, कोणीतरी सतत ढवळत उभं राहतं, आणि त्या दोन तासांत नव्यानं आलेल्या भाडेकरूचं गाव, नोकरी, मुलाची शाळा सगळं विचारून होतं. सोसायटीत कोजागरी होते का, वर्गणी किती आणि किती घरं येतात, हा प्रश्न एजंटला नको, विकणाऱ्याला विचारा. मेंटेनन्स पाच हजार आणि कोजागरी नाही, अशा सोसायट्या पुष्कळ आहेत.

वर्षभराचा असा सगळा खर्च, म्हणजे गणपतीची वर्गणी पाचशे ते दोन हजार, कोजागरी, संक्रांतीचं हळदीकुंकू, एखादी सहल, अडीअडचणीला दिलेली मदत, मिळून घरामागे चार-पाच हजारांच्या वर क्वचित जातो. वर्गणी ऐच्छिक असावी. जिथे ती मेंटेनन्सच्या बिलात घालून सक्तीनं घेतात, तिथे सण होतो पण धुसफूसही राहते.

आता सगळ्यांत उपयोगी कागद, जो शंभरात दोन खरेदीदारही मागत नसतील: वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. सहकारी गृहनिर्माण संस्थेला दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत ही सभा घ्यावी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३२ प्रमाणे सभासदाला सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, समितीचे सदस्य हे सगळं पाहण्याचा हक्क आहे, आणि शुल्क भरून प्रती घेण्याचाही. खरेदीदार अजून सभासद नसतो, पण विकणारा असतो. त्याला सांगा, मागच्या तीन वर्षांच्या प्रती काढून दे. प्रतींना शे-दोनशे रुपये लागतील.

त्यात काय बघायचं? आधी हजेरी. आदर्श उपविधीप्रमाणे सभेची गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे साठ घरांच्या सोसायटीत वर्षातून एकदा वीस माणसं जमली तरी पुरतं. तरीही तिन्ही वर्षांच्या कागदावर "गणसंख्येअभावी सभा तहकूब करून पुन्हा सुरू करण्यात आली" हेच वाक्य असेल, तर लोकांना एकमेकांत रस नाही, किंवा सगळे कंटाळलेले आहेत. मग विषय वाचा. गळती आणि पार्किंग सगळीकडे असतं, त्याची धास्ती नको. पण एकाच दोन नावांचे वाद तिन्ही वर्षं चालू आहेत का, पोलीस तक्रारी आहेत का, निबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात दावे आहेत का, ते बघा. आणि शेवटचं पान बघा. निवृत्त झालेल्या सेक्रेटरीचे आभार, कोणाच्या निधनाबद्दल श्रद्धांजली, गुणी मुलांचं कौतुक असे ठराव ज्या सभेत होतात, तिथली माणसं सभेबाहेरही बोलत असतात.

ताळेबंदात सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी पाहावा. आदर्श उपविधी सांगतात, की घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जावा. हे निधी रिकामे असतील तर इमारतीला रंग द्यायची वेळ आली, की प्रत्येक घराकडून एकदम पन्नास हजार मागितले जातात, आणि चांगल्या शेजाऱ्यांचेही संबंध बिघडतात. मी पाहिलेले सोसायट्यांमधले बहुतेक अबोले पैशाच्या अशा अचानक मागणीतून सुरू झालेले आहेत, स्वभावामुळे नव्हे. जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, हेही विकणाऱ्याला विचारून घ्यावं.

जुनं घर घेताना सोसायटीला हस्तांतर शुल्क ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये आणि हस्तांतर अधिमूल्य द्यावं लागतं. महापालिका क्षेत्रात हे अधिमूल्य कमाल २५ हजार आणि ग्रामपंचायत हद्दीत कमाल ५ हजार. देणगी, विकास निधी, सभागृह निधी अशा कोणत्याही नावानं त्याहून जास्त मागता येत नाही. एक-दोन लाखांची "ऐच्छिक देणगी" मागणारी समिती भेटली, तर उद्या याच माणसांशी आपला रोज संबंध येणार आहे, हे लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट मी फार मनापासून सांगतो. काही सोसायट्यांचा शेजार अतिशय गोड असतो, पण ठरावीक लोकांसाठीच. मांसाहार करणारे नकोत, अमुक धर्माचे नकोत, अमुक जातीचे नकोत, एकट्या मुली नकोत, विद्यार्थी नकोत. आपण त्या "नकोत" मध्ये बसत नसलो तरी हे तपासावं. पुरेसं कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, असं सहकार कायद्याचं कलम २३ सांगतं. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं धरण्याची तरतूदही आहे. आज दुसऱ्याला दारातून परत पाठवणारी सोसायटी उद्या आपल्या मुलीच्या मित्रमैत्रिणींना, घटस्फोट घेऊन आलेल्या बहिणीला, आपल्या डब्यातल्या माशांना नावं ठेवते. भाडेकरूंना गणपतीच्या आरतीला बोलावतात का, त्यांची मुलं बक्षीस समारंभात असतात का, एवढं विचारलं तरी अंदाज येतो.

सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात माणसं एकत्र राहावीत या गरजेतूनच झाली. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, श्रीपाद सुबराव तालमकी तिच्या उभारणीत पुढे होते. एकमेकांना ओळखणाऱ्या भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतःच आपले घरमालक व्हायचं, ही कल्पना होती. पुढे बँक कर्मचारी, शिक्षक, पत्रकार, विमा कर्मचारी यांनी अशाच संस्था काढल्या. आजही शेजार शोधायचा तर या जुन्या सोसायट्या पहिल्यांदा बघाव्यात. पायऱ्या झिजलेल्या असतात, पार्किंग अपुरं असतं, पण पन्नास वर्षांची ओळख असते.

अडचण अशी, की नेमक्या याच इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. शासनाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५१ टक्के सभासदांच्या संमतीनं पुनर्विकासाचा निर्णय होऊ शकतो. तुम्ही शेजार बघून घर घेतलंत आणि वर्षभरात ठराव झाला, तर तीन-चार वर्षं सगळे शेजारी शहरभर विखुरतात. परत येतात तेव्हा वीस घरांच्या जागी साठ घरं असतात, मेंटेनन्स तिप्पट होतो, आणि काही जुने लोक तोवर राहिलेले नसतात. पुनर्विकास वाईट असं मी म्हणत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात स्वतःचं स्वच्छतागृह येणं याची किंमत त्या घरातल्या बायकांना विचारावी. पण तुम्ही शेजारासाठी जादा पैसे मोजत असाल, तर पुनर्विकासाचा विषय सभेत कुठवर आला आहे हे इतिवृत्तातून आधी वाचा. नव्या इमारतीत मजल्यांची वाटणी करताना जुने शेजारी एकाच बाजूला ठेवता येतील का, असा विचार करणाऱ्या सोसायट्याही आहेत. तिथे डोळे झाकून जावं.

इमारतीबाहेरचा शेजारही मोजायचा असतो, कारण सोसायटी कोरडी निघाली तरी वस्ती सांभाळून घेते. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर सारं गाव लोटतं, आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा तिथे १९९९ पासून निघते. विलेपार्ल्याच्या पूर्वेला लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे. पुण्याच्या जवळजवळ प्रत्येक भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्ययोगाचे गट आहेत, भजनी मंडळं आहेत. ज्येष्ठ नागरिक संघाची वार्षिक वर्गणी बहुधा काही शेकड्यांत असते आणि वाचनालयाची मासिक वर्गणी एका पिझ्झापेक्षा कमी. घरापासून चालत दहा मिनिटांत बाग, वाचनालय, भाजीवाले आणि एखादा कट्टा असेल, तर निवृत्त माणसाला तेवढ्यावर दहा ओळखी होतात. एक चक्कर पायी मारा; गाडीतून वस्ती कळत नाही.

नव्या प्रकल्पात शेजारी कोण येणार हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे तिथे फक्त शक्यता तपासता येते. महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर आराखडा असतो. त्यात मोकळी जागा जमिनीवर आहे की पोडियमवर, सभागृह कोणत्या टप्प्यात बांधणार, आणि एकूण घरं किती, ते पाहावं. शेवटच्या टप्प्यात येणारं सभागृह पहिल्या टप्प्यातल्या लोकांना पाच-सात वर्षं मिळत नाही.

घर घेऊन झालं असेल आणि शेजार कोरडा असेल, तर सात लाख घालवून दुसरीकडे जाण्याआधी चार हजारांची कोजागरी करून बघा. पुढाकार घेणाऱ्याला पहिल्या वर्षी अर्धे पैसे स्वतःचे घालावे लागतात. पंधरा घरं आली तरी पुष्कळ झालं. दुसऱ्या वर्षी वर्गणी मागावी लागत नाही. आणि फाटकाजवळ एक सिमेंटचं बाकडं बसवायचा ठराव सभेत मांडा. तीन-चार हजारांत येतं.

ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे, त्यांनी टोकनची रक्कम देण्याआधी तीन वर्षांची इतिवृत्तं मागावीत. विकणारा किंवा सोसायटी ती दाखवायला तयार नसेल, तर घर कितीही हवेशीर असलं तरी टोकन देऊ नये.